हद्दीची रेघ

१

सकाळी सात वाजता धाकटी ताईला पलंगावरून उचलून खिडकीजवळच्या खुर्चीत बसवायची. गेली दोन वर्षं हा नेम चुकला नव्हता. ताईचे दोन्ही हात आपल्या गळ्यात घ्यायचे, गुडघे थोडे वाकवायचे आणि मग दोघींनी मिळून मोजायचं, एक, दोन, तीन. तीनला ताई हवेत असायची आणि दरवेळी तेच म्हणायची, "सांभाळ, पाडशील." दोन वर्षांत धाकटीने तिला एकदाही पाडलं नव्हतं. पण ताई म्हणजे पस्तीस वर्षं शाळेत गणित शिकवलेली बाई. आजवर घडलं नाही म्हणजे उद्या घडणार नाही, असल्या हिशेबावर तिचा विश्वास नव्हता.

धाकटी म्हणजे छप्पन्न वर्षांची बाई. घरात तिला दुसऱ्या कुठल्या नावाने कुणी हाक मारलीच नव्हती, आणि आता हाक मारायला एकटी ताई उरली होती. धाकटीचे गुडघे दुखत, कंबर धरे, आणि दिवस सुरू व्हायच्या आतच ती दमलेली असे. डॉक्टर म्हणाले होते, विश्रांती घ्या. ती म्हणाली होती, "कुठून घेऊ, तेही चिठ्ठीवर लिहून द्या."

साडेआठला मावशी यायच्या. दिवसभर ताईजवळ बसायला ठेवलेल्या, कामाला चोख, कानाने जरा कमी. त्या आल्या की धाकटी चपला पायात सरकवून बाहेर पडायची.

तिची कामाची जागा म्हणजे संस्थेच्या मागच्या इमारतीतली तळमजल्यावरची एक लांबट खोली. दोन्ही भिंतींना लोखंडी कपाटं आणि त्यांत सहाशे कागदी पाकिटं. सगळी पाकिटं बुरशीच्या एकाच कुळाची. लाकूड कुजवणाऱ्या बुरशीची कुळं पुष्कळ आहेत, पण हे कुळ रंगावरून ओळखू येतं. आतून गंजल्यासारखं तपकिरी, आणि पोटॅशचा थेंब टाकला की क्षणात काळं पडतं. सूक्ष्मदर्शकाखाली त्यात बारीक काळ्या सुया दिसतात. झाडाच्या पोटात ते वर्षानुवर्षं राहतं आणि बाहेर कुणाला पत्ता लागू देत नाही. लाकडाला घट्ट धरून ठेवणारा जो काळसर भाग असतो तो खातं आणि पांढरे तंतू मागे ठेवतं. खोड दिसायला जसंच्या तसं, फक्त हलकं. मग कधीतरी सालीवर एक टणक खूर उगवतो. घोड्याच्या खुरासारखाच दिसतो म्हणून हा संग्रह उभारणाऱ्या सरांनी तिला त्याला खूर म्हणायला शिकवलं होतं. तो खूर दरवर्षी आपल्या खाली एक थर चढवतो. थर मोजले की त्याचं वय कळतं.

सर जाऊन नऊ वर्षं झाली होती. नवीन साहेबांना ती खोली दुसऱ्या कामाला हवी होती, म्हणून सगळी पाकिटं दोन महिन्यांत एका मोठ्या संग्रहाकडे रवाना करायची होती. साहेब दारातूनच विचारत, "कुठवर आलं?" आत पाऊल टाकत नसत. आणि काम काय, तर प्रत्येक पाकीट उघडा, नमुना तपासा, नाव बरोबर आहे का बघा. या कुळाची नावं पुस्तकवाले दर दहा वर्षांनी बदलतात. एकेका पाकिटावर तीन-तीन नावं खोडलेली होती. धाकटी म्हणायची, माणसाला एका जन्मात एवढी नावं पुरली असती.

सरांचे दोन नियम मात्र तिने कधी मोडले नव्हते. पहिला, आत काही जिवंत असेल तर ते मरावं म्हणून कुठलंही पाकीट आठ दिवस फ्रीजरमध्ये राहिल्याशिवाय खोलीबाहेर जायचं नाही. दुसरा जरा विचित्र होता. दर सोमवारी आपला अंगठा, जंतू-बुरशी उगवायला खळ ओतलेली काचेची बशी असते तसल्या एका ताज्या प्लेटवर टेकवायचा आणि तारीख घालून ती प्लेट ठेवून द्यायची. "दुसऱ्याच्या घाणीला नावं ठेवण्याआधी आपली काय आहे ते बघावं," असं सर म्हणत. इतक्या वर्षांत त्या प्लेटवर साध्या जंतूंचे चार ठिपके सोडून काही उगवलं नव्हतं.

२

दोनशे बारा नंबरचं पाकीट तिने एका मंगळवारी दुपारी उघडलं.

ते तिला न बघताही ओळखता आलं असतं. लेबलवर सरांचं अक्षर होतं, पण तो खूर तिने स्वतः कापला होता, चौतीस वर्षांपूर्वी, बावीस वर्षांची असताना. सरांबरोबर तीन दिवस रानात गेली होती आणि तिसऱ्या दिवशी दुपारी तिला तो दिसला होता. त्याच दुपारी इकडे घरी आई गेली. धाकटी संध्याकाळी चिखलाच्या बुटांनी दारात आली तेव्हा ताई दारातच उभी होती. ती म्हणाली, "शेवटपर्यंत शुद्धीवर होती. नाव घेतलं नाही."

तेवढंच. पुढे चौतीस वर्षं दोघी एका घरात राहिल्या, पण त्या वाक्यानंतर घराचे दोन भाग झाले. ताईचं कपाट, धाकटीचं कपाट. ताईचे कप वरच्या फळीवर, धाकटीचे खालच्या. भांडण म्हणावं असं कधी झालं नाही. धाकटीने ते वाक्य गिळलं आणि ते तिच्या पोटात राहिलं. आईला मी शेवटी आठवलेसुद्धा नाही, हे तिला अजूनही भर दुपारी, काम करता करता, मध्येच टोचायचं.

लेबलवर लिहिलं होतं: थर अकरा. तिने भिंग घेतलं आणि कापलेल्या बाजूवरून मोजायला सुरुवात केली. अकरा झाले, पुढे बारावा होता. ती मोजत राहिली. पंचेचाळीस.

तिने भिंग पुसलं, पुन्हा मोजलं, पंचेचाळीसच. सरांची मोजायची चूक झाली असेल. पण सर थर मोजण्यात चुकत नसत, आणि खाली त्यांनी पेन्सिलीने खुराचं चित्र काढलं होतं, खऱ्या मापात. चित्रातला खूर तळहाताएवढा होता. समोरचा पाकिटात कसाबसा मावला होता, कागद कोपऱ्यांवर ताणला गेला होता. काठाला एक बोटभर मखमली कड होती, पिवळी, ताजी. तिने नख लावलं. कड मऊ होती.

पाकिटं अदलाबदल झाली असतील, असं तिने मनाशी ठरवलं. दमलेल्या माणसाला असली उत्तरं फार आवडतात. तिने कडेचा एक कण प्लेटवर पेरला, कारण जिवंत वाटेल ते पेरून बघायची पद्धत होती, आणि घड्याळाकडे पाहिलं. मावशींना लवकर जायचं होतं, ताईला ताप होता, आणि दोनशे बाराचं वर्णन अजून लिहायचं होतं. तिने पाकीट पर्समध्ये टाकलं. फ्रीजरसमोरून जाताना तिला नियम आठवला. पण आठ दिवस होते कुणाकडे?

३

रात्रीचं जेवण लवकर उरकून ती ताईच्या पलंगाशेजारच्या टेबलावर बसली. दाढीच्या ब्लेडचं नवीन पातं काढून तिने खुराचे पातळ काप काढले आणि मापं लिहून घेतली.

"लाकडाचा वास येतोय. चांगला आहे," ताई पलंगावरून म्हणाली.

ताई तिच्या बुरशीबद्दल चांगलं बोलली हे नवलच होतं. धाकटीला बरं वाटलं आणि ती बोलून गेली, "याचे अकरा थर होते, आता पंचेचाळीस झालेत."

"चौतीस वाढले," ताई लगेच म्हणाली. आणि थोड्या वेळाने, "चौतीसच वर्षं झाली, नाही का?"

धाकटी पुढचं माप लिहायला वळली.

सकाळी ताईच्या टाचेचा घट्टा फार दुखायला लागला. धाकटीने टेबलावरचं पातं उचललं, स्पिरिटच्या बोळ्याने पुसलं आणि हलक्या हाताने घट्टा तासला. शेवटी पातं निसटून तिच्या अंगठ्यालाही थोडं लागलं. दोघींचं मिळून दोन थेंब रक्त आलं असेल. खोलीवर असती तर तिने पातं आधी ज्योतीतून लाल करून घेतलं असतं, हाताला तशी सवयच होती. पण हे घर होतं आणि समोर ताई होती. घरात कोण ज्योत पेटवून बसतं?

४

दहा-बारा दिवसांनी एका संध्याकाळी ती घरी आली तर ताई खिडकीबाहेर बघत म्हणाली, "तीनशे चौदाचं पाकीट उलटं भरलंस."

"काय म्हणालीस?"

"काही नाही. चहा टाक."

दुसऱ्या दिवशी तिने रवानगीचा खोका उघडला. तीनशे चौदा उलटं होतं. मी झोपेत बडबडले असणार, असं तिने स्वतःला समजावलं. दोघींच्या पलंगांमध्ये नुसता एक पडदा, आणि मनाला कुठेतरी आपली चूक ठाऊक असते. उत्तर पटण्यासारखं होतं, फक्त ते शोधायला तिला जरा जास्त वेळ लागला.

मग एक दिवस चारच्या सुमाराला, नाव लिहिता लिहिता, तिच्या मांडीवर एकदम काहीतरी गरम सांडलं. ती ओरडून उभी राहिली, कपडे झटकले. कोरडे होते. टेबलावर पाण्याचा पेलासुद्धा नव्हता. तिने घरी फोन लावला.

"आत्ताच सांडला हो चहा, मांडीवर," मावशी मोठ्याने म्हणाल्या. "भाजलं नाही फारसं. पण तुम्हाला कुणी सांगितलं?"

रोज चारला चहा. हात थरथरतो. कधीतरी सांडणारच. फोन ठेवल्यावर ती हे तीन-चारदा मनात म्हणाली. मांडी अर्धा तास चुरचुरत होती.

आणि त्याच आठवड्यात खोक्यांवर आकडे घालताना तिच्या लक्षात आलं की आपण एकोणतिसाचा पाढा म्हणतो आहोत, मनातल्या मनात, न अडखळता. शाळेत तिचं घोडं सातावर अडायचं, त्यावरून ताईने तिला किती बोलणी दिली होती. आता पाढा आपोआप सरकत होता आणि नाकात खडूची भुकटी गेल्यासारखं वाटत होतं. तिला मजा वाटली, ही खरी गोष्ट. एवढ्या शिणात कुठून तरी फुकट काही मिळालं होतं.

संध्याकाळी ताई खुर्चीत बसून बोटं मोजत होती. कपाळाला आठ्या होत्या.

"सात नव्वे किती गं?" तिने विचारलं.

"त्रेसष्ट," धाकटी म्हणाली.

५

सोमवारच्या अंगठ्याच्या प्लेटवर गंजाच्या रंगाची मखमल उगवली होती.

ती स्टुलावर बसली. मग उठून जे करायचं ते केलं. दुसऱ्या दिवशी घरून ताईच्या टाचेची तासलेली कात चिमटीने कागदात आणली आणि तिच्यावर पोटॅशचा थेंब टाकला. कात काळी पडली. तिने तीही प्लेटवर पेरली. आठ दिवसांत तिथेही तीच मखमल आली.

आता उरली होती रेघ. या कुळात, आणि इतरही काही कुळांत, एक गोष्ट असते. एकाच जातीच्या दोन बुरश्या एका लाकडात समोरासमोर आल्या, तर त्या एकमेकींत मिसळत नाहीत. दोघी आपापल्या बाजूने काळी रेघ ओढतात, ही माझी हद्द, ती तुझी. कुजलेलं खोड आडवं कापलं की आत असल्या रेघांचा नकाशाच दिसतो. मात्र दोन तुकडे मुळात एकाच जिवाचे असले, मग ते कितीही लांब असोत, तर भेटताच एकमेकांत शिरतात. मध्ये काही उरत नाही. कोण एक आणि कोण दोन हे ओळखायला सरांनी हीच परीक्षा घालून दिली होती. दोन कण एका प्लेटवर ठेवायचे आणि वाट बघायची.

तिने एका प्लेटवर आपल्या अंगठ्याचा कण ठेवला आणि समोर ताईच्या टाचेचा. झाकण लावलं.

तीन आठवड्यांनी दोन्ही मखमली मध्यभागी भेटल्या होत्या. तिने प्लेट खिडकीसमोर धरली, तिरकी केली, भिंगाखाली घातली. रेघ नव्हती. कुठे एक संपते आणि दुसरी सुरू होते ते सांगता येत नव्हतं.

यात घाबरण्यासारखं काय आहे, असं तिने स्वतःला विचारलं. दोन्ही त्या एका पात्यावरून आलेल्या, दोनशे बाराच्याच. रेघ येणार तरी कशी? शास्त्राने बघितलं तर निकाल बरोबर होता. नोंदवहीत लिहायचं होतं ते एवढंच, की दोन्ही नमुने मिळून एकच जीव. तिने "दोन्ही मिळून" इथपर्यंत लिहिलं आणि पेन खाली ठेवलं. तिला घरातली कपाटं आठवली, वरची फळी आणि खालची फळी. चौतीस वर्षं दोघींनी राखलेली हद्द होती ती. तिला रडू आलं, आणि कशाचं ते तिलाच कळेना.

६

"घट्ट्यात, नखात बुरशी होतेच," डॉक्टर म्हणाले. "दोघींना गोळ्या देतो. एकदमच सुरू करा, नाहीतर एकीची दुसरीला लागत राहील. पंधरा दिवसांत साफ."

"ताईचं वजन कमी झालंय का हो?"

"वयच आहे त्यांचं. खातात ना नीट?"

ताई नीट खात होती. पण धाकटीच्या हातांना कळत होतं. या कामात लाकूड डोळ्यांनी ओळखत नाहीत, उचलून ओळखतात. चांगल्या लाकडाचा ओंडका हातात बसतो. कुजलेला, दिसायला तेवढाच, उचलताना अनपेक्षित वर येतो आणि माणसाचा तोल जातो. गेल्या पंधरवड्यात ताईला उचलताना दोनदा तिचा तोल मागे गेला होता. आधी तिला वाटलं होतं, आपली कंबर बरी झाली.

आणि स्वतः ती जड झाली होती. जिना चढताना आपल्याबरोबर आणखी कुणाला वर नेतोय असं वाटायचं.

तिला माहीत होतं काय चाललंय. म्हणजे, लाकडात काय चालतं ते माहीत होतं. जुनं खोड संपत आलं की ही बुरशी त्यातलं जे काही घेण्यासारखं असेल ते काढते आणि जवळच्या नव्या खोडात नेऊन ठेवते. तिला त्यात राग-लोभ नसतो. मधली वाट तोडली, तर जुन्यात उरलेलं जुन्यातच राहतं. गोळ्या म्हणजे वाट तोडणं. पर्समध्ये गोळ्यांच्या दोन पट्ट्या होत्या. संध्याकाळी दुधाबरोबर द्यायच्या, एक तिला, एक आपल्याला. एवढं सोपं होतं.

दूध गरम करत असताना ते आलं.

ती दारात उभी होती. घरातल्या बाजूने. समोर बाहेरून एक मुलगी येत होती, चिखलाचे बूट, खांद्याला पिशवी, काहीतरी सापडल्याचा आनंद चेहऱ्यावर मावत नव्हता. धाकटीला ओळखायला वेळ लागला, कारण स्वतःला असं बाहेरून कुणी बघितलेलं नसतं. मग तिच्या तोंडातून, ताईच्या तोंडातून, ते वाक्य निघालं. नाव घेतलं नाही. आणि समोरच्या मुलीचा चेहरा विझला.

दूध उतू गेलं. ती गॅस बंद करून ओट्याला टेकून उभी राहिली. ते वाक्य बोलताना ताईला काय वाटलं होतं, ते आता तिच्या छातीत होतं. तिथे द्वेष नव्हता. तीन रात्री न झोपलेल्या माणसाचा शीण होता, आणि त्याखाली असं काहीतरी दुखत होतं जे तिला ओळखता येईना. ते वाक्याच्या आधीचं होतं. खोलीतलं. आईजवळचं. ते अजून आलं नव्हतं.

पट्टी पर्समध्येच राहिली. एकच दिवस, ती मनाशी म्हणाली. उद्या नक्की.

७

एकाचे चार दिवस झाले.

ती कामावर गेली नाही. साहेबांचा फोन आला, "कुठवर आलं?" ती म्हणाली, "येतंय." मावशींना तिने सुट्टी दिली. दिवसभर ती ताईच्या शेजारी बसून राहायची. जेवण भरवायची, केस विंचरायची, आणि वाट बघायची. येत होतं ते उलटं येत होतं. आधी दार, मग दारापर्यंत चाललेली पावलं, मग आईच्या अंगावर नीट केलेली चादर, मग गप्प झालेली खोली. रोज थोडं मागे.

ताईचे मात्र शब्द कमी होत चालले. पहिल्या दिवशी ती चमच्याला काय म्हणतात ते विसरली. दुसऱ्या दिवशी शाळेचं नाव. तिसऱ्या दिवशी सकाळी धाकटी म्हणाली, "एक, दोन," आणि ताई तिच्याकडे बघत राहिली. पुढे काय असतं ते तिला ठाऊक नव्हतं. "सांभाळ, पाडशील" ती म्हणाली नाही.

धाकटी काही मूर्ख नव्हती. पट्टी टेबलावर काढून ठेवलेली होती, हाताच्या अंतरावर. आपण ताईला खातो आहोत, हे तिने स्वतःला स्पष्ट शब्दांत सांगितलं. मग दुसरा आवाज म्हणायचा, म्हातारपणी माणसं विसरतात, त्यात तुझा काय दोष? दमली आहेस, भ्रम होतोय, गोळीने काय होणार आणि न घेतल्याने काय होणार. दोन्ही आवाज खरे वाटायचे. आणि त्या दोन्हींच्या खाली बावीस वर्षांची मुलगी बसली होती, जिला फक्त एवढंच हवं होतं की आईने आपलं नाव घेतलं होतं का.

चौथ्या दिवशी दुपारी पावणेचारला ती खोली आली.

आई पलंगावर. उशी दोनदा दुमडलेली. खिडकीचा एक पडदा अर्धा ओढलेला. आणि हातात आईचा हात, कोरडा, हलका. आई दाराकडे बघत होती.

"धाकटी आली का?"

"येईल, आई," ती म्हणाली. ताईच्या आवाजात.

"धाकटी आली का?"

धाकटीच्या डोळ्यांतून पाणी वाहायला लागलं. चौतीस वर्षांचं ओझं एकदम उतरलं. आईने विचारलं होतं. आई विचारतच होती. पण खोली संपली नाही, ती सुटेना. आई पुन्हा विचारत होती, पुन्हा. आणि आत, जिथे ताई होती, तिथे कुणीतरी मोजत होतं. सतरा. अठरा. गणिताच्या बाईला दुसरं काय सुचणार? हात धरून बसायचं आणि मोजायचं. एकेचाळीस वेळा आईने दाराकडे बघून धाकटीला विचारलं. ज्या मुलीने तीन रात्री तिचा हात सोडला नव्हता, तिच्याकडे तिने एकदाही पाहिलं नाही. तिचं नाव घेतलं नाही.

दारातलं ते वाक्य खरंच होतं. फक्त ते धाकटीबद्दल नव्हतं.

८

ताई खुर्चीत होती. मान एका बाजूला कललेली, डोळे उघडे. धाकटीने धावत जाऊन पट्टी फोडली, गोळी ताईच्या जिभेवर ठेवली, पाणी पाजलं. ताईने शहाण्या मुलासारखी गिळली. तिच्या टाचेकडे धाकटीची नजर गेली आणि तिने ती लगेच वळवली. पायमोजा घट्ट्याच्या जागी वर उचललेला होता, खाली काहीतरी टणक असल्यासारखा.

दुसरी गोळी तिच्या स्वतःच्या तळहातावर होती. तोंडाशी नेऊन ती थांबली. पाढे, खडूचा वास, पस्तीस वर्षांचे वर्ग, आईचा हात. ताईचं जे काही होतं ते आता इकडे होतं. ही गिळली तर तेही साफ. पंधरा दिवसांत, डॉक्टर म्हणाले होते.

तिने गोळी टेबलावर ठेवली.

"ताई," ती म्हणाली. "ताई, मला कळलं. तू बोलायचं होतंस गं. मी तुझ्यावर उगीच एवढी वर्षं राग धरला."

ताईने तिच्याकडे पाहिलं. परक्या माणसाकडे बघतात तसं, अदबीने. धाकटीने तिचे हात आपल्या गळ्यात घेतले, गुडघे वाकवले. एकटीनेच मोजलं, आणि तीन म्हणायच्या आत ताई वर आली होती. तिला एका हाताने तोलता आलं असतं. पलंगावर ठेवताना कसलाच आवाज झाला नाही. गादीसुद्धा दबली नाही.

धाकटीने उशी दोनदा दुमडली. ऊन येत होतं म्हणून पडदा अर्धा ओढला. मग पलंगाच्या कडेला बसून तिने ताईचा हात हातात घेतला. हात कोरडा होता.

ताईच्या तोंडातून शब्द आले. कितीतरी दिवसांनी पुरते तीन शब्द. ती दाराकडे बघत होती.

"धाकटी आली का?"

"आले, ताई. ही काय, इथेच आहे."

ताईने मान वळवून तिला नीट न्याहाळलं. तिला वाईट वाटू नये अशा बेताने मान हलवली.

"नाही," ती म्हणाली. "तुम्ही नाही. ती लहान आहे."

आणि पुन्हा दाराकडे बघायला लागली.

"धाकटी आली का?"

"येईल," धाकटी म्हणाली. दुसरं काय म्हणायचं ते तिला सुचलं नाही. बाहेर दुपार तशीच होती. टेबलावर गोळी होती, पाण्याचा पेला होता, दोनशे बाराचं पाकीट होतं. ताईने परत विचारलं, आणि परत. धाकटी दरवेळी येईल म्हणत राहिली, तिचा हात धरून, आणि तिच्या आत कुणीतरी पस्तीस वर्षांच्या सवयीने मोजत होतं.